दवाखाना मधे आहे असं कोण म्हणालं?

मला आंधळी म्हटलेलं चालतं. आंधळी आहेच मी, जन्मापासून. पण कोणी हळुवार आवाजात 'तुम्हाला आतली दृष्टी असते हो' असं म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कसली डोंबलाची आतली दृष्टी! प्रश्न वाचून दाखवा, मी तो लक्षात ठेवते, विचार करते आणि उत्तर सांगते. यात दृष्टीचा संबंधच येत नाही. संबंध येतो तो वाचणाऱ्याच्या तोंडाचा, आणि माझं सगळं भांडण त्या तोंडाशी आहे.

परीक्षा नोकरीची होती. एका मोठ्या सरकारी कार्यालयात सहायकाची कायमची जागा. सध्या मी एका छापखान्यात फोन घेते, तेही तात्पुरतं. या तात्पुरत्याला इतकी वर्षं झाली की तिथला मालक बदलला, यंत्रं बदलली, माझी खुर्चीसुद्धा मोडून नवी आली, मी मात्र अजून तात्पुरतीच. परीक्षेला वयाची अट होती आणि यंदा मी अगदी त्या अटीच्या काठावर होते. पुढच्या वर्षी मला फॉर्मच भरता येणार नव्हता. त्यामुळे जे काय व्हायचं ते याच वेळी होणार होतं.

बाकीच्या भागांची मला धास्ती नव्हती. लोकांचं घोडं पेंड खातं ते 'माहिती पुरेशी आहे का' या भागात, आणि तोच माझा लाडका. या प्रश्नांत उत्तर काढायचं नसतंच. एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं असतात. तुम्ही एवढंच सांगायचं, की उत्तर काढायला पहिलं विधान एकटं पुरतं, का दुसरं एकटं पुरतं, का दोन्ही मिळून पुरतात, का दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. हा शेवटचा, चौथा पर्याय मला फार आवडतो. 'एवढ्यावरून सांगता येत नाही' हे इथे उत्तर मानतात आणि त्याला पूर्ण मार्क देतात. एरवी माणसांत बसून असं म्हणून बघा, लोक तुम्हाला मठ्ठ म्हणतील.

अभ्यास वहिनीने करून घेतला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ मला 'तोफ' म्हणतो, वहिनीही तेच म्हणते. पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने वाचलं, "एका सरळ रस्त्यावर बेकरी, बँक आणि बाग आहे. बेकरी ते बाग अंतर किती? विधान एक, बेकरी ते बँक पाच किलोमीटर. विधान दोन, बँक ते बाग दोन किलोमीटर." आणि माझं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सात. एवढं सोपं असतं होय?"

"सात कसे?"

"अगं, पाच नि दोन सात. बँक मधे आहे ना."

"बँक मधे आहे असं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? बेकरी, बँक, बाग. ओळीनेच आहेत की."

"प्रश्नात ओळीने आहेत. रस्त्यावर कशा आहेत ते कोणी सांगितलं तुला?"

ती वैतागली. मी उठून कपडे वाळत घालायची दोरी दोन खुर्च्यांना ताणून बांधली आणि चिमटे घेतले. एक चिमटा बेकरीचा. तिथून पाच वितींवर बँकेचा. बँकेपासून दोन विती पुढे गेले तर बाग बेकरीपासून सातवर येते. पण बँकेपासून दोन विती मागे आले तर? बागेचा चिमटा बेकरी नि बँकेच्या मधे येतो आणि अंतर उरतं तीन. सात की तीन, कोण सांगणार? कोणीच नाही. म्हणून उत्तर चौथा पर्याय. वहिनीने स्वतः चिमटा सरकवून पाहिला, पुन्हा सरकवला आणि म्हणाली, "बाई गं. मी मनात चित्र काढलं आणि त्या चित्राला विचारत बसले."

त्या दिवसानंतर वहिनी बातम्या वाचल्यासारखी वाचायला लागली. गाळायचं नाही, घालायचं नाही, समजावून सांगायचं नाही, आकृती काढायची नाही. एकदा तर तिने मलाच पकडलं. तीन बिंदूंचा प्रश्न होता. पहिल्यापासून दुसरा आठवर, दुसऱ्यापासून तिसरा आठवर. मी ऐटीत सोळा म्हणून मोकळी झाले. वहिनी म्हणाली, "तिसरा बिंदू पहिल्याच्याच जागी नसेल कशावरून? बिंदू वेगवेगळे आहेत असं लिहिलेलं नाही हो तोफबाई." दोरीवर चिमट्यावर चिमटा लावून तिने माझा हात त्यावर नेऊन ठेवला. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की भाऊ बघायला आला.

वहिनी माझी लेखनिक म्हणून बसणार होती. लेखनिक म्हणजे जो प्रश्न वाचून दाखवतो आणि मी सांगितलेलं उत्तर लिहितो. रीतसर अर्ज केला होता, परवानगीचं पत्रही आलं होतं. आणि परीक्षेच्या दिवशी फाटकावर आम्हाला अडवलं.

केंद्रप्रमुख आले. त्यांनी माझ्याशी नाही, वहिनीशी बोलायला सुरुवात केली. "यांच्यासोबत तुम्ही का? तुमचं शिक्षण काय?" वहिनी म्हणाली, पदवीधर. "मग नाही चालणार. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी पाहिजे. नवा आदेश आहे. यांना सांगा, आम्ही दुसरी लेखनिक देतो."

"यांना ऐकू येतं," मी म्हणाले. "आदेश नवा होता तर कळवला का नाही?"

"संकेतस्थळावर टाकला होता की."

"कसा टाकला होता?"

आदेशाचा फोटो काढून टाकला होता. माझा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, फोटोपुढे तो मुका. म्हणजे आंधळ्यांच्या लेखनिकाबद्दलचा आदेश यांनी फक्त डोळसांना वाचता येईल असा टाकला, आणि त्यात काही चुकलं असं तिथे एकालाही वाटत नव्हतं! वहिनी तावातावाने भांडायला लागली. पण आतली घंटा झाली आणि भांडत बसले तर पेपरच जाईल म्हणून मी तिचा हात सोडला. तिने फक्त "शांत राहा" असं म्हटलं. मला शांत राहा म्हणणं किती उपयोगाचं आहे ते तिला चांगलं माहीत होतं.

मला वेगळी खोली दिली, माझं बोलणं इतरांना ऐकू जायला नको म्हणून. खेळाचं सामान ठेवायची खोली असावी, रबराचा आणि धुळीचा वास येत होता. पर्यवेक्षक दाराबाहेर फोनवर बोलत होते. नवी लेखनिक कॉलेजात नुकतीच गेलेली मुलगी होती, तिथल्या एका कारकुनाची पुतणी. आवाज असा गोड की मी मनातल्या मनात तिचं नाव साखरबाई ठेवलं.

"ताई, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. माझं ड्रॉइंग एकदम छान आहे. प्रत्येक प्रश्नाची मस्त आकृती काढते, म्हणजे सोपं जाईल."

"कोणाला?" मी विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही.

मी तिला नीट सांगितलं. वाच, जसंच्या तसं वाच. आकृती काढू नकोस. मी सांगेन तो पर्याय लिही. ती "हो हो" म्हणाली, आणि पाठोपाठ मला बाकावर पट्टी टेकवल्याचा आणि पेन्सिल ओढल्याचा आवाज आला.

"एका सरळ रस्त्यावर शाळा, मग दवाखाना, मग पोस्ट आहे..."

"थांब. 'मग' लिहिलंय?"

"नाही, म्हणजे शाळा, दवाखाना आणि पोस्ट असं लिहिलंय."

"तर मग तेवढंच वाच."

शाळा ते पोस्ट अंतर किती, असा प्रश्न होता. शाळा ते दवाखाना सात, दवाखाना ते पोस्ट तीन. बेकरी-बँकेचीच बहीण. मी म्हणाले, चौथा पर्याय.

"अहो नाही ताई, दहा येतंय. सात नि तीन दहा. दोन्ही मिळून पुरतंय, तिसरा पर्याय."

"दहा येईल किंवा चार येईल. चौथा लिही."

"पण दवाखाना मधे आहे ना!"

"दवाखाना मधे आहे असं कोण म्हणालं?"

"आकृतीत दिसतंय की."

"आकृती कोणी काढली?"

"मी."

मी पुन्हा "चौथा" म्हणाले आणि पेन कागदावर गोल फिरल्याचा आवाज ऐकला. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं, कारण तीन-चार प्रश्नांनंतर तो तीन बिंदूंचा प्रश्न आला. तिने वाचलं, एका रेषेवर तीन बिंदू, पहिल्यापासून दुसरा आठवर, दुसऱ्यापासून तिसरा आठवर, पहिला ते तिसरा अंतर किती? वहिनीने एकदा पकडलेलं असल्याने मी आता शहाणी झाले होते. चौथा, मी म्हणाले. तशी ती चुळबुळली. "सोळाच येतंय हो ताई, तिसरा पर्याय." तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मी म्हणाले, "पुन्हा वाच. एकही शब्द गाळू नकोस." आणि मग निघालं, 'एका रेषेवर तीन वेगवेगळे बिंदू'. वेगवेगळे! तो शब्द तिने किरकोळ समजून गिळला होता आणि सगळं उत्तर त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. बिंदू वेगळे असतील तर पहिला आणि तिसरा एका जागी येऊच शकत नाहीत, सोळाच उरतात. "तिसरा लिही," मी म्हणाले.

"बघा! मी तेच म्हणत होते," ती खूश होऊन म्हणाली.

मी तिला शब्द गिळल्याबद्दल झापलं. तिच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. तिच्या हिशेबी मी चुकले होते आणि तिची आकृती बरोबर निघाली होती. त्यानंतर तिने माझ्याशी एकदाही वाद घातला नाही. मी पर्याय सांगायचे, ती "हो ताई" म्हणायची, पेन फिरायचं. मला वाटलं, पोरगी सुधारली. मी खुशीत भराभर पुढे गेले. पेपर इतका छान चालला होता की मधेच मला छापखान्यातली खुर्ची आठवली आणि तिच्यावरून कायमचं उठताना आपण काय बोलू ते मी ठरवूनसुद्धा टाकलं.

शेवटची घंटा व्हायला थोडा वेळ होता. साखरबाई माझ्याकडे वाकली आणि कानाशी कुजबुजली, "ताई, तुम्ही निश्चिंत राहा हं. तुमचं जिथे जिथे चुकत होतं ना, तिथे मी बरोबर करून टाकलंय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय केलंस?"

"तुम्ही चौथा चौथा म्हणत होतात, पण आकृतीत तर स्पष्ट उत्तर येत होतं. मग मी तिसरा लिहिला. तुम्ही एवढी मेहनत करताय, आणि उगाच मार्क जाणार. मला ते बघवेना."

"तुला बघवेना!" मी ओरडले. "कोणते प्रश्न? किती?"

"ते रेषेवरचे. आणि आणखी एक-दोन. आता कसं आठवणार सगळं? किती प्रश्न होते."

मी आयुष्यात पुष्कळ अपमान गिळलेत. रस्ता ओलांडायचा नसताना लोकांनी मला हाताला धरून पलीकडे नेऊन सोडलंय. दुकानात माझ्या मापाबद्दल वहिनीला विचारलंय. पण हे वेगळंच होतं. ही मुलगी माझ्या शेजारी बसून, माझ्या तोंडावर 'हो ताई' म्हणत, माझ्या शेवटच्या परीक्षेत स्वतःची उत्तरं लिहीत होती, आणि वर मी तिचे आभार मानावेत अशी तिची अपेक्षा होती. मी बाकावर हात आपटला आणि पर्यवेक्षकांना हाक मारली.

पर्यवेक्षक आले, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "अहो, तिने तुमचं भलंच केलं की."

"माझी उत्तरं पुन्हा लिहायला सांगा."

"शाईने गोल भरलेत. दुसरा भरला तर दोन्ही बाद. आणि ओरडू नका, बाजूला परीक्षा चालू आहे."

मी ओरडायची थांबले नाही, म्हणून केंद्रप्रमुख आले. तेही माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलले. "तुम्ही काय सांगितलं आणि तिने काय लिहिलं, ते तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला तर दिसत नाही."

"तिनेच सांगितलं. विचारा तिला."

"काय गं?"

"मी मदत केली, सर," साखरबाईचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"बघा, मदत केली. कदाचित तिचीच उत्तरं बरोबर असतील. पास झालात तर फायदा तुमचाच आहे ना?"

"पास झाले तर ती पास झाली. मग नोकरीही तिलाच द्या."

त्यावर त्यांचा सूर बदलला. "हे पाहा, तुम्हाला नियम माहीत नाही. लेखनिकाने स्वतःच्या मनाने उत्तरं लिहिली, तर उमेदवाराचा पेपर रद्द होतो."

"लिहिली तिने, आणि रद्द माझा?"

"लेखनिकाचा पेपरच नसतो. रद्द काय करणार?"

हे त्यांनी इतक्या समजूतदारपणे सांगितलं की क्षणभर मला हसू फुटेल असं वाटलं. पण हसायची वेळ नव्हती. मी म्हणाले, मला लेखी तक्रार करायची आहे. कागद आणा. कागद आला. मग प्रश्न पडला की लिहिणार कोण. वहिनीला आत आणा, मी म्हणाले. परीक्षा संपेपर्यंत फाटक उघडत नाही. पर्यवेक्षक लिहितील? उमेदवाराची तक्रार अधिकाऱ्याने लिहायची नसते. तुम्ही? छे छे. शेवटी पर्यवेक्षकांना तोडगा सुचला.

"तुम्हाला लेखनिक दिलेली आहेच की!"

म्हणजे साखरबाईविरुद्धची तक्रार साखरबाई लिहिणार. खोलीत कोणालाच यात काही गैर वाटलं नाही. मी कपाळावर हात मारला, आणि मग म्हटलं, ठीक आहे, घे पेन.

मी एकेक शब्द सुटा सांगितला. 'केंद्राने मला दिलेल्या लेखनिकाने मी सांगितलेली काही उत्तरे न लिहिता त्यांच्या जागी स्वतःच्या मनाची उत्तरे लिहिली.' ती लिहीत गेली. वाचून दाखव म्हटलं, तर तिने अगदी तेच वाचून दाखवलं. पण ऐकलेलं वाक्य पाठ म्हणून दाखवायला काय लागतं? मी म्हणाले, "आता शेवटच्या शब्दापासून उलटं वाच. पटापट."

"लिहिली," ती म्हणाली. "उत्तरे. मनाची. स्वतःच्या. चुकून..." आणि थांबली.

"चुकून? मी चुकून म्हणाले?"

"नाही."

"मग ते कागदावर कसं आलं?"

ती रडायला लागली. "चुकूनच झालं ना ताई. मी काय मुद्दाम तुमचं वाईट करणार होते का? काकांनी मला आणलंय इथे. त्यांना किती बोलणी बसतील."

मला तिची दया आली, आणि दया आल्याचा मला भयंकर राग आला. या दयेनेच तर सगळी वाट लावली होती. "वाईट करायचं नव्हतं, ते मला मान्य आहे," मी म्हणाले. "पण तू ते चुकून केलं नाहीस. ठरवून केलंस. खोड तो शब्द." पेनची खरखर ऐकू आली. मी तिला पुन्हा उलटं वाचायला लावलं. या खेपेला शब्द जागच्या जागी होते.

"आता सही कुठे करायची ते दाखव."

"थांबा," केंद्रप्रमुख म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि माझ्या समोर बसले. "मी तुमचा फॉर्म बघितलाय. पुढच्या वर्षी तुमचं वय बसत नाही. ही तक्रार वर गेली की पेपर रद्द, आणि विषय संपला. नाही दिलीत तर निदान काही मार्क तरी हातात आहेत. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

त्या सबंध दिवसात ते पहिल्यांदाच माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते, आणि खोटं नाही सांगत, मी घाबरले. तक्रार फाडून टाकावी आणि घरी जाऊन वहिनीला काहीच सांगू नये असंही मनात येऊन गेलं. मग मला जाणवलं की सकाळपासून या इमारतीत प्रत्येकाने मला काही ना काही नियम सांगितलेत, वाचून एकही कोणी दाखवलेला नाही.

"नियम वाचून दाखवा," मी म्हणाले.

"मी सांगितला की आत्ता."

"सांगितलात. वाचा."

पुस्तिका उघडल्याचा आवाज आला. "लेखनिकाने स्वतःच्या मनाने उत्तरे लिहिल्यास उमेदवाराची उत्तरपत्रिका रद्द, इत्यादी इत्यादी."

"इत्यादी इत्यादी असं छापलंय?"

पुस्तिका मिटल्याचा आवाज आला.

"पुस्तिका हिच्याकडे द्या. ही माझी लेखनिक आहे, तुम्हीच दिलेली. मला वाचून दाखवणं तिचं काम आहे."

"तिला त्यातलं काय कळणार?"

"कळायची गरज नाही. वाचायचंय फक्त."

पुस्तिका बाकावर सरकवल्याचा आवाज आला. साखरबाईने नाक पुसलं आणि वाचायला सुरुवात केली. "उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाने मनाने उत्तरे लिहिल्यास उमेदवाराची उत्तरपत्रिका रद्द करण्यात येईल."

'उमेदवाराने स्वतः आणलेल्या'! केंद्रप्रमुखांनी नेमके तेवढेच शब्द गिळले होते. "पुढे वाच," मी म्हणाले.

"लेखनिक केंद्राने दिलेला असल्यास उमेदवाराची परीक्षा पुन्हा घेण्यात येईल, आणि..."

ती थांबली. वाचणाऱ्याचे डोळे तोंडाच्या पुढे धावतात, हे मला वहिनीमुळे माहीत आहे. तिने पुढचं पाहिलं होतं. माझ्या कामाचं होतं ते वाचून झालं होतं. 'एवढंच आहे' असं ती म्हणाली असती तर मला काही कळलं नसतं, आणि बाकीच्या दोघांनी तोंड उघडलं नसतं. मी वाट बघत राहिले.

"आणि," ती म्हणाली, "संबंधित लेखनिकास पुढील तीन वर्षे कोणत्याही भरती परीक्षेस बसता येणार नाही."

एकही शब्द तिने गाळला नाही, एकही घातला नाही. ही पोरगी अजून एकाही परीक्षेला बसली नव्हती, आणि तिनेच लिहिलेल्या त्या तक्रारीवर मी सही करणार होते.

"केंद्रप्रमुखांबद्दल काय लिहिलंय?" मी विचारलं.

पानं उलटली गेली, पुढे, मग मागे. "काहीच नाही, ताई."

"नीट बघ."

"बघितलं. त्यांच्याबद्दल काही नाही."

एवढा वेळ मला वाटत होतं की माझा राग संपत आलाय. तो संपला नव्हता, त्याला फक्त जागा सापडली नव्हती. "तक्रार पुढे घे," मी म्हणाले. "लिही. माझ्या लेखनिकास परवानगीचे पत्र असताना केंद्रप्रमुखांनी फाटकावरून परत पाठवले. ज्या मुलीला लेखनिकाचे काम काय असते हे कोणीही सांगितले नव्हते, तिला त्यांनी माझ्याजवळ बसवले. नियम विचारला असता त्यांनी तो अर्धा सांगितला."

"अहो, हे काय..." केंद्रप्रमुख उठून उभे राहिले.

पेन थांबलं होतं. मग ते पुन्हा चालायला लागलं, हळूहळू, शब्दामागून शब्द. लिहून झाल्यावर मी काही न सांगताच तिने शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला घेतलं. 'सांगितला' पासून 'माझ्या' पर्यंत सगळे शब्द माझेच होते.

"अंगठा दिलात तरी चालेल," पर्यवेक्षक शाईचा डबा पुढे सरकवत म्हणाले.

"मला सही येते."

साखरबाईने पेन माझ्या हातात दिलं, माझं बोट धरून कागदावर खालच्या बाजूला नेलं आणि टेकवलं. तिचा हात गार पडला होता. "इथे," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. मी सही केली.